हिसानोच्या माहेरचं सार

निवा गुरुजींनी हिसानोला पहिल्यांदा नीट पाहिलं ते नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी, तोगाशींच्या मागच्या दाराशी. गुरुजी तेव्हा तरुण होते. शाळेत इंग्रजी शिकवायला नुकतेच लागले होते आणि त्या सकाळी गल्लीतलं बर्फ फावड्यानं बाजूला सारत होते. कानाझावाचं बर्फ ओलं आणि जड, फावड्याला चिकटून बसणारं. पाठ सरळ करायला म्हणून मान वर केली, तर समोर तोगाशींची नवी सून. हातात वाडगा घेऊन ती उभ्याउभ्या, घाईघाईनं खात होती. केसांवर बर्फ साचत होतं, त्याचं तिला भान नव्हतं.

गुरुजी बघताहेत हे कळल्यावर ती कानापर्यंत लाल झाली. आता काहीतरी बोलायलाच हवं, म्हणून तिनं विचारलं, "तुम्हाला गोड चालतं का?"

"चालतं की."

ती आत गेली आणि दुसरा वाडगा घेऊन आली. त्यात पांढरट, दाटसर सार होतं, लाल गाजराच्या चकत्या होत्या आणि एक गोल मोची. चिकट तांदूळ कुटून केलेली मोची गुरुजी दर नव्या वर्षाला खात, पण ही दाताखाली फुटली आणि आतून लाल चवळीचं गरम, गोड पुरण जिभेवर आलं. खारट सारात गोड पुरण! गुरुजी घास तोंडात धरून तसेच उभे राहिले. छान म्हणावं तर खोटं, वाईट म्हणावं तर दुष्टपणा. शेवटी म्हणाले, "वेगळं आहे."

हिसानो हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांतलं पाणी गालावर आलं, तेव्हा गुरुजींच्या लक्षात आलं की ती आधीपासून रडत होती.

काय घडलं होतं ते त्यांना पुढे गोष्टीगोष्टींतून कळलं. हिसानोचं माहेर लांबचं, समुद्रापलीकडच्या कागावातलं. तिकडे नव्या वर्षाचं सार असंच करतात, पांढऱ्या मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं, गोड मोची घालून. त्या पहाटे ती सगळ्यांच्या आधी उठली आणि आईसारखं सार करून ठेवलं. सासरच्यांना नवल वाटेल, सगळे कौतुक करतील, असं तिच्या मनात. सासूनं, मात्सुएनं, झाकण उचललं, वास घेतला आणि झाकण परत ठेवलं. आवाज अजिबात चढवला नाही. "आपल्याकडे नवं वर्ष निवळ सारानं सुरू होतं, हं," एवढंच म्हणाली आणि दुसरं पातेलं चढवलं. कुणी ओरडलं असतं तर हिसानोला भांडता तरी आलं असतं. पुढे त्या स्वयंपाकघरात ते सार पुन्हा कधी झालं नाही.

ती तोगाशींची चव शिकली. सुक्या माशाचं पाणी किती वेळ ठेवायचं, मुळा कुठे जाड कापायचा, सोया सॉसचे थेंब कधी घालायचे, सगळं सासूच्या हाताकडे बघून. तिची बहीण दर डिसेंबरात माहेरचं पांढरं मिसो पाठवायची. हिसानो ते कापडात गुंडाळून समोर गुरुजींकडे आणून द्यायची. "आमच्याकडे नाही लागत," म्हणायची. गुरुजी ते टोफूत घालून बघत, वांग्याला लावून बघत. त्या सकाळची चव कधी आली नाही, आणि आली असती तरी ती आवडली असती की नाही, हे त्यांना ठरवता आलं नव्हतं.

वर्षं अशीच गेली, कौलांवरून घसरणाऱ्या बर्फासारखी. आवाज फक्त खाली पडताना. हिसानोचा नवरा गेला, मुलगी लग्न होऊन ओसाकाला गेली, घरात दोघी बायका उरल्या. तेव्हा हिसानोनं दारावर पाटी लावली, 'तोगाशींच्या घरचा स्वयंपाक', आणि गावात येणाऱ्या प्रवाशांना आपल्या ओट्याशी उभं करून शिकवायला लागली. गुरुजी निवृत्त झाले होते. ते दुभाषे म्हणून जात, आणि बदल्यात तिथंच जेवत.

त्या वर्गाची एक रीत होती. सगळं रांधून झालं की एक लहान वाडगा शेजारच्या खोलीत मात्सुएकडे जायचा. नव्वदी ओलांडलेली म्हातारी रजई पांघरलेल्या उबदार टेबलाशी बसलेली असायची. ती डोळे मिटून एक घोट घ्यायची आणि म्हणायची, "आपल्या घरचं." मगच बाकीच्यांनी जेवायच्या काड्या उचलायच्या. प्रवाशांना या प्रकाराची फार मौज वाटे. गुरुजी मात्र त्या वेळी हिसानोकडे बघत. पाहुण्यांना हुकूम सोडणारी ही बाई तेवढा क्षण एप्रनचं टोक मुठीत धरून दाराशी उभी राहायची, अगदी काल घरात आल्यासारखी.

एका जानेवारीत श्यूफन आली. तैवानची, पन्नाशीची, एकटीच हिंडणारी. तिची जपानी भाषा आजीकडून आलेली, जुन्या वळणाची. त्यामुळे गुरुजींना काम उरलं नाही आणि ते मुळा सोलत बसले. बाहेर समुद्राच्या बाजूला ढग गडगडत होते. ओट्यावरची वाफ खिडकीला लागून काच दुधासारखी झाली होती. दिवस कुठला, वेळ कुठली, काही कळू नये असं ते स्वयंपाकघर झालं होतं.

हिसानोनं नव्या वर्षाचं निवळ सार शिकवलं. चौकोनी मोची, वर हिरवी पानं. श्यूफननं मन लावून सगळं केलं, आणि मग विचारलं, "बाई, हे तुमच्या सासूबाईंचं ना?"

"हो. या घरचं."

"आणि तुमच्या आईचं?"

हिसानोचा हात थांबला. मग हसून म्हणाली, "आमच्याकडे वेड्यासारखं करतात. मिसोच्या सारात पुरणाची मोची घालतात. कुणाला सांगितलं की आधी तोंड वाकडं करतात."

"का? आमच्याकडे करतात की गोड-खारट एकत्र. मला दाखवा ना. मी पैसे नुसत्या या घरच्या चवीसाठी नाही दिले, तुमच्यासाठी दिलेत."

"बघितलंत गुरुजी? ही बाई हट्टी आहे."

"हट्टी विद्यार्थीच शिकतात," गुरुजी मुळ्याकडे बघत म्हणाले.

हिसानोनं शेजारच्या खोलीच्या सरकत्या दाराकडे पाहिलं. ते बंद होतं. मग अगदी हळू आवाजात, चोरी करायला निघाल्यासारखं म्हणाली, "गुरुजी, मिसो आहे का शिल्लक?"

गुरुजी चपला उलटसुलट घालून रस्ता ओलांडून गेले आणि डबा घेऊन आले.

पुरण तयारच होतं, दुसऱ्या दिवशीच्या गोडासाठी केलेलं. मोची वाफवून मऊ केली, तळहातावर पसरली, पुरण भरून तोंड मिटलं. बोलता बोलता हिसानो सांगत होती, "आई म्हणायची, आपल्या भागात साखर पिकायची, पण ती जायची बाहेर. म्हणून वर्षातून एकदा लोक ती मोचीत लपवून खायचे." तळाशी मुळ्याच्या चकत्या अंथरल्या, म्हणजे मोची चिकटत नाही. सार उकळू द्यायचं नाही, कडेला बारीक बुडबुडे येतील इतकंच हसवत ठेवायचं. पण हिसानोचा हात सवयीचा राहिला नव्हता. आच जरा चढली, एक मोची फुटली आणि पांढऱ्या सारात पुरणाची तपकिरी रेघ पसरत गेली.

"गेला माझा हात," ती पुटपुटली.

तेवढ्यात शेजारून आवाज आला, "कसला वास आहे गं?"

हिसानोनं पटकन पातेल्यावर झाकण ठेवलं.

"काही नाही, आई."

"काही नाही कसं? माझे गुडघे गेलेत, नाक नाही गेलेलं. पांढऱ्या मिसोचा आहे. म्हणजे मास्तरांकडून आलेलं दिसतंय."

गुरुजींनी दार सरकवून डोकं आत घातलं. "मावशी, मिसो माझं आहे. आग्रह मीच केला."

"तुमचं कुठलं? दर डिसेंबरात पार्सल या दारातून आत येतं आणि कापडातून त्या दारानं बाहेर जातं. मी काय टेबलाखाली झोपलेली असते? आणा इकडे."

हिसानोचा चेहरा गुरुजींना आजही आठवतो. त्या घरात तिनं एकदाच आपल्या आईचं काही चुलीवर ठेवलं होतं. आता म्हातारीनं ते पुन्हा नाकारलं तर तिसरी खेप कधी येणार नव्हती, हे तिघांनाही ठाऊक होतं. श्यूफनला तर अर्ध्या तासातच कळलं होतं.

मात्सुएला मोची बंद होती. घशात अडकते म्हणून डॉक्टरांनी सांगितलेलं. हिसानोनं फुटलेली मोचीच घेतली. नाहीतरी कापायचीच होती. सुरीनं तिचे तांदळाएवढे कण केले, सारात सोडले आणि वाडगा आत नेऊन ठेवला. या वेळी ती दाराशी थांबली नाही, सासूच्या घशाकडे बघत शेजारीच बसली.

म्हातारीनं डोळे मिटून घोट घेतला. मग दुसरा. छपरावरून बर्फाचा एक पट्टा धप्पकन अंगणात आला. खोलीत वाफेचा आणि मिसोचा मंद वास भरून राहिला होता.

"हे आपल्या घरचं नाही," मात्सुए म्हणाली.

"नाही, आई." हिसानोनं वाडगा उचलायला हात पुढे केला.

मात्सुएनं तो दोन्ही हातांनी घट्ट धरला. "नेतेस कुठे? मी खाते आहे."

हिसानोचा हात तसाच हवेत राहिला.

"तुझी आई मुळा असाच गोल कापायची?"

"हो. वर्ष कुठे न अडखळता जावं म्हणून."

"चावायला बरा पडतो." थोडा वेळ नुसता सार पिण्याचा आवाज. मग म्हातारीनं विचारलं, "आणि मोची फुटू द्यायची की नाही?"

"नाही द्यायची. माझीच फुटली."

"मग पुढच्या वर्षी फुटू देऊ नकोस." तिनं गुरुजींकडे मान वळवली. "आणि मास्तर, इतकी वर्षं तुम्ही हे काय टोफूत घालून खाल्लंत! वाया घालवलंत."

श्यूफन फिसकन हसली. हिसानो मात्र एप्रननं तोंड पुसत, मान खाली घालून स्वयंपाकघरात निघून आली, आणि ओट्याशी पाठमोरी बराच वेळ उभी राहिली. गुरुजींनी श्यूफनला खूण केली. दोघांनी आवाज न करता आपापले वाडगे भरून घेतले. गुरुजींना त्या दिवशी ते सार आवडलं.

मात्सुएला त्यानंतर आणखी एक नवं वर्ष लाभलं. त्या सकाळी चुलीवर दोन पातेली होती, आणि म्हातारीनं दोन्हींतलं घेतलं. चेरी फुलायच्या आधी ती गेली.

हिसानो त्या घरात आता एकटी राहते. बुधवारी आणि शनिवारी वर्ग घेते, जानेवारीत दोन्ही सारं शिकवते आणि गुडघा धरतो म्हणून मुळा स्टुलावर बसून कापते.