करिश्मा तुमरेटीची दुसरी अ‍ॅडमिशन

करिश्मा तुमरेटी धानोरा तालुक्यातल्या आपल्या गावातून इंजिनिअरिंगला गेलेली पहिली मुलगी. नागपूरच्या कॉलेजसाठी तिने दोन लाख चाळीस हजारांचं शैक्षणिक कर्ज काढलं. वडील नव्हते, आई सुकरीकडे पगाराचा कागद नव्हता. म्हणून आश्रमशाळेत शिक्षक असलेला विनोदमामा जामीन राहिला.

दुसऱ्या वर्षाचं गणित तीनदा राहिलं. मन तर तिथे कधी लागलंच नव्हतं. ती पेटी घेऊन गावी परतली आणि महिनाभर घरातच बसून राहिली.

त्याच सुमारास ग्रामसभेच्या बांबूचा ट्रक वनखात्याने परवान्यावरून नाक्यावर अडवला. अध्यक्ष डोमाभाऊ कागदांची पिशवी घेऊन अंगणात आले. "पोरी, हे इंग्रजीत लिवलं हाये. वाचून पाय जरा."

करिश्माने दोन दिवस वनहक्काचे नियम वाचले. वाहतूक परवाना ग्रामसभाच देऊ शकते, हे तिला सापडलं. तिने अर्ज लिहिला आणि चौथ्या दिवशी ट्रक सुटला. मग शेजारच्या गावांतूनही पिशव्या येऊ लागल्या. आपल्याला वकील व्हायचंय, हे तिला तेव्हा कळलं.

पण हप्ते थकले होते आणि बँकेचं पत्र मामाच्या पत्त्यावर गेलं होतं. ती घाबरतच त्याच्याकडे गेली.

"मामा, मले पुन्हा शिकाचं हाये, वकिली. पण पैलं कर्ज तर तुमच्या डोक्यावर हाये."

"इंजिनिअरिंग सोडलं म्हून मी तुले काही म्हनलो का? भेऊन घरी बसल्यानं व्याज थांबत नाई. चाल, बँकेत जाऊ."

बँकेतल्या मॅडम आधी चिडल्या. "शिक्षण सोडलं ते कळवायला नको होतं?" मग त्यांनीच समोर बसवून हप्ते पुढे ढकलण्याचा अर्ज लिहून घेतला. चंद्रपूरच्या लॉ कॉलेजात प्रवेश झाल्यावर तिथलं बोनाफाईड जोडलं. दीड महिन्याने मंजुरी आली: नवा कोर्स संपेपर्यंत फक्त व्याज भरायचं, महिना अठराशे.

ते भरायचं कुठून? ग्रामसभेत डोमाभाऊ म्हणाले, आपणच देऊन टाकू. करिश्मा नाही म्हणाली, तिला फुकट नको होतं. तेव्हा सभेत कधी तोंड न उघडणारी सुकरी उठली आणि गोंडीत म्हणाली, "ती आपली लिहापढी करते ना? मग मजुरी द्या." बायांनी आधी हात वर केले, मग पुरुषांनी. महिना अडीच हजार ठरले.

आता करिश्मा तिसऱ्या वर्षाला आहे. वर्गातली मुलं तिला ताई म्हणतात. महिन्यातून दोनदा ती एसटीने गावी येऊन रजिस्टरं लिहिते. परीक्षेच्या गडबडीत एकदा व्याज राहिलं, ते मामाने भरलं आणि चार महिने तिला सांगितलंही नाही. "मी एकटी कुठी शिकून राह्यली?" ती म्हणते. "मामा हाये, माय हाये, गाव हाये. त्या मॅडमनं तर स्वतःचा पेन देल्ता."

या उन्हाळ्यात एका वकिलाकडे काम करून तिला आठ हजार मिळाले. बँकेने मागितले नव्हते, तरी तिने ते मुद्दलात भरले आणि पावतीचा फोटो मामाला पाठवला.

मामाचा लगेच फोन आला. मागे पोरांचा गलका चालला होता. "वर्गावर हाये मी," तो म्हणाला, "पोरायले तुही पावती दाखवून राह्यलो."