आत्याला वाचून दाखवलेला शेवट

तुमची पहिली गोष्ट कोणती, असं कुणी विचारलं की मी एका मासिकात आलेल्या कथेचं नाव सांगते. चार ठिकाणी तेच सांगितलंय, छापूनही आलंय. ते खरं नाही. पहिली गोष्ट मी चौदाव्या वर्षी रचली. ती कागदावर कधी उतरली नाही आणि ऐकणारं माणूस एकच होतं, माझी आत्या.

आमचं घर श्रीवर्धनच्या बाजूला, नारळी-पोफळीच्या वाडीत. आई, बाबा, धाकटा भाऊ, मी आणि बाबांची धाकटी बहीण. आत्याला लग्नानंतर वर्षाच्या आत नवऱ्याने गणपतीला म्हणून माहेरी आणून सोडलं आणि न्यायला कुणी आलंच नाही. भांडण नाही, मारहाण नाही. तेव्हा मी सहा वर्षांची होते. पुढे आठ वर्षं झाली तरी आई पाहुण्यांना सांगायची, "ही सध्या इथंच असते."

शाळेत मुली मला 'पोफळी' म्हणायच्या. उंच, काडीसारखी, आणि बोलणं नाही. मैत्रीण म्हणावी अशी एकही नव्हती. वाचनालयाचं कार्ड बाबांच्या नावावर होतं, पण बाबांनी त्यावर एक पुस्तकही वाचलं नाही.

"एवढ्या कादंबऱ्या वाचतात गो तुझे बाबा?" वाचनालयातले काका विचारायचे.

"हो."

"मग सांग त्यांना, पुस्तकावर कैरीचं मीठ सांडू नका."

फाल्गुनात सुपारी वाळली की आत्या पडवीत सोलायला बसायची. पाटाला ठोकलेल्या पात्यावर सुपारी दाबायची आणि साल फाडायची. बोटांना चिंध्या बांधलेल्या. ती चौथी शिकलेली, अक्षरं जोडून वाचता यायचं. पण हात मोकळे कुठे असायचे! "तू वाच गो. मला कानानं बरं कळतं," म्हणायची. मग दुपारभर मी वाचायचे आणि ती पुस्तकातल्या माणसांशी भांडायची.

"आता ही बया दार उघडणार बघ. उघडू नको गो, तो मेला तिथंच उभा हाय!"

"आत्या, ती पुस्तकात आहे."

"मंग? पुस्तकातल्या बाईला अक्कल नसावी व्हय?"

एक सवय मला तेव्हापासून होती. पुस्तकात 'गोरीपान' आलं की मी 'सावळी' वाचायचे. 'नाजूक बांध्याची' आली की तिला उंच करायचे. त्याशिवाय मला त्या बायांच्या आत शिरताच यायचं नाही. आत्या एकदा म्हणालीसुद्धा, "सगळ्या कशा गो सावळ्या? गोऱ्या बायांच्या गोष्टी लिवत न्हाईत काय?" मी मान वर न करता पुढे वाचत राहिले.

त्या वर्षी शिमग्याच्या सुमारास एक कादंबरी आणली होती. नवऱ्याने सोडलेली बाई, भावाच्या घरी राहते, तिथे तिला कुणी वाईट वागवत नाही, पण ती कुणाच्या खिजगणतीतही नाही. ही कादंबरी सुरू झाल्यावर आत्याने पुस्तकातल्या माणसांशी भांडणं बंद केलं. नुसती ऐकायची. मध्येच म्हणायची, "ते परत वाच." मी परत वाचायचे.

त्याच आठवड्यात आमच्या आळीतली एक बाई सणाला पनवेलहून आली. तिकडे मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला बाई हवी होती. पगार, दोन वेळचं जेवण आणि राहायला स्वतंत्र खोली. "सोमवारपर्यंत कळव, न्हायतर दुसरी बघतील," ती आत्याला सांगून गेली.

आत्याने बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, "मला कशाला विचारतेस? इथं तुला काय कमी हाय ते सांग." ती पडवीत येऊन पुन्हा सोलायला बसली.

मी पडवीत तिला विचारलं, "तू जाणार?"

"बघू." तिने सुपारी पात्यावर दाबली. "पुस्तकातल्या हिचं काय व्हतंय ते कळू दे, मंग ठरवते." आणि हसली.

मी हसले नाही. शेवटचं प्रकरण राहिलं होतं. ते मी त्याच संध्याकाळी विहिरीमागे बसून एकटीने वाचून काढलं.

ती बाई जाते. शहरात एक खोली घेते, स्टोव्ह विकत आणते, आणि पुठ्ठ्यावर स्वतःचं नाव लिहून दाराला लावते. तिथेच पुस्तक संपतं. मला इतका आनंद झाला की मी उभीच राहिले. माझंही असंच होणार, मीही अशी खोली घेणार, हे मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. आणि तिथेच हेही ठरवलं, की आत्याला हे कळू द्यायचं नाही.

मी लहान होते, मला कळत नव्हतं, असं मी आजवर स्वतःला सांगत आले. कळत होतं. आत्या गेली तर त्या घरात माझ्याशी बोलणारं कुणी उरणार नव्हतं. तिच्या जाण्याचा मी तेवढाच विचार केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुस्तक उघडून बसले आणि पुस्तकात नसलेलं वाचत गेले. मध्येमध्ये पानं उलटायची आठवण ठेवली. त्या बाईला मी शहरात नेलं, खोली दिली, मग घरमालकाला दारात उभं केलं. तिला ताप आणला. उशाशी पाण्याचा तांब्या रिकामा. शेजारीण कुलूप लावून गावाला गेलेली. शेवटी ती एसटीने परत येते, भाऊ अंगणात असतो, एवढंच म्हणतो, "आलीस? बरं झालं." शब्द कसे सुचत होते कोण जाणे, मी कुठे अडखळले नाही.

आत्याचे हात थांबले होते. चिंध्या बांधलेल्या बोटांनी डोळे पुसता येईनात, तिने दंडाला पुसले. म्हणाली, "लई चांगलं लिवलंय. आसंच व्हतं बाईचं."

माझ्या लिहिण्याचं कुणी केलेलं ते पहिलं कौतुक. मला त्या क्षणी बरं वाटलं होतं, हेही आता सांगून टाकते.

शनिवारी पुस्तक परत गेलं. सोमवारी आत्याने निरोप पाठवला, दुसरी बाई बघा.

चार वर्षांनी मी कॉलेजसाठी बाहेर पडले ती पडलेच. नोकरी लागल्यावर खोली घेतली, स्टोव्ह आणला, दाराला पाटी लावली. मग गोष्टी, पुस्तकं. माझ्या गोष्टीतल्या बायका घर सोडून जातात आणि निभावून नेतात, असं समीक्षक लिहितात.

पुढे एका वादळात निम्म्या पोफळी पडल्यावर भावाने वाडीत पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या. आत्या आता त्रेसष्ट वर्षांची. पहाटेपासून पाहुण्यांचं रांधते. माणसं अंगणातून हाका मारतात, "मावशी, सोलकढी आहे का अजून?" आणि ती वाटी घेऊन जाते.

गेल्या दिवाळीनंतर गेले होते. पाहुणे समुद्रावर गेलेले, भाऊ बाजारात. आत्या खवणीवर नारळ खवत होती. मी समोर पाटावर बसले आणि सगळं सांगितलं, पुठ्ठ्यावरच्या नावासकट. ती हातातली नारळाची वाटी संपेपर्यंत खवत राहिली.

"झालं?"

"हो."

"राहिली ती तिकडं? ती बाई?"

"राहिली."

"तापानं न्हाय पडली?"

"नाही. तो ताप मी घातला."

तिने मान हलवली. मला राहवेना. मी विचारलं, "आत्या, तू त्यामुळेच गेली नाहीस का?"

"तुला काय ऐकायचंय? तुझ्यामुळं न्हाय, आसं?"

मी खाली सांडलेला खव गोळा करू लागले.

"मला म्हाईत न्हाय गो. आन् म्हाईत आसतं, तरी तुला न्हाय सांगितलं आसतं." तिने दुसरी वाटी उचलली. "ऊठ आता. पाट लागतो मला."

मी उठले. रात्री तिने मला वाढलं, मासा दोनदा वाढला. सकाळी एसटीपर्यंत मात्र आली नाही.

आता दर रविवारी मी फोन करते. ती उचलते. गुडघा, पाऊस, पाहुणे किती आले, सगळं सांगते. पूर्वी फोन ठेवण्याआधी हटकून विचारायची, "नवीन काय लिवतेस गो?" आता विचारत नाही. मीही आपणहून सांगत नाही. पलीकडून भांड्यांचा आवाज येत राहतो, मग ती म्हणते, "ठेवते," आणि ठेवते.