कुणी न मागितलेला आवाज

मुहर्रक या आखाती शहरातल्या त्या गल्लीत हेस्साला सगळे कोठारवाली म्हणत. कोठार धान्याचं नव्हे, माहितीचं. तिच्या कंपनीची अशी कोठारं देशोदेशी होती, आणि लोकांचे फोटो, कागद, आवाज त्यातल्या कुठल्या कोठारात ठेवायचे ते यंत्र ठरवायचं. यंत्राचे नियम मात्र हेस्साचे. जे लोक सारखं मागतात, ते त्यांच्या जवळ. जे महिनोन्‌महिने कुणी मागत नाही, त्याची एकच प्रत, तीही लांबच्या स्वस्त कोठारात. दृष्टीआड सृष्टी.

"निदान दोन प्रती ठेव गं बाई," कंपनीतला तिचा सोबती जाफर म्हणाला होता.

"कुणाला आठवण येत नाही, ते जपायचं कशाला? तुझ्या लग्नाचे फोटो तरी कोण बघतं?"

पोरगी हुशार, पण मस्तीही तेवढीच.

तिचे वडील खमीस मोती काढायला जाणाऱ्या गलबतांवरची जुनी गाणी गायचे. ती सगळी तिने कोठारात ठेवली होती. म्हातारा स्वतःचंच गाणं रोज फोनवर लावून डोलायचा. हिवाळ्यात तो गेला.

दुखवट्याच्या घरात गाणं लावत नाहीत. आई मुनीरा विधवेच्या चार महिने दहा दिवसांच्या इद्दतीला बसली. "संपू दे, मग पोटभर ऐकेन," म्हणायची. हेस्साचाही जीव तुटायचा, पण तिने एकदाही बापाचा आवाज लावला नाही.

मध्येच लांबचं एक कोठार जळालं.

"गेली ती अडगळच," ती जाफरला म्हणाली.

इद्दत संपली तशी आईने न्हाऊन अत्तर लावलं, वेलदोडे घालून कॉफीचा गहवा केला. "लाव गं आता."

हेस्साने बोट दाबलं. आवाज नाही. पुन्हा दाबलं. मग तिच्या लक्षात आलं: इतके महिने कुणी न मागितलेल्या त्या गाण्यांची एकुलती प्रत त्या जळालेल्या कोठारात होती. आपलेच दात, आपलेच ओठ. तिने आईला सगळं सांगितलं.

"म्हणजे आपण त्यांना विसरलो, असं वाटलं त्या यंत्राला?"

"हो, आई."

"घरात दुखवटा आहे, हे त्याला कुणी सांगितलं नाही?"

सांगायला हवं होतं ते तिनेच. ती हमसून रडायला लागली. मुनीराने गहव्याचा पेला बाजूला सारला. लेकीला तिने जवळ घेतलं नाही.