मी तिचं बी खाल्लं

आमच्या चर्चच्या मंडळीतून परदेशात सेवेला माणसं पाठवायचं ठरलं, तेव्हा माझं नाव सगळ्यात शेवटी आलं, आणि तेही शिवणकामामुळं. शहरातल्या एका मोठ्या चर्चनं आफ्रिकेतल्या मलावी देशात दहा दिवसांचं काम काढलं होतं. गावाकडची दोन-तीन माणसं सोबत न्यायची त्यांची इच्छा होती. पाळकसाहेब घरी आले आणि म्हणाले, "मावशी, तिथल्या बायांना शिवण शिकवायचंय. तुमी चला." मी म्हणलं, "मला इंग्रजी येत न्हाई." तर म्हणाले, "मशीनला तरी कुठं येतं?" मालकांनी पण मान डोलावली, मग झालंच.

बॅग भरताना मी कुणाचं ऐकलं न्हाई. कुरुंद्याच्या शेतातली घरची हळद घेतली, पापड, शेंगदाण्याची चटणी, चिवडा घेतला. शेजारच्या खालांनी डबाभर शंकरपाळे करून दिले, म्हणाल्या, तिथल्या लेकरांना द्या. आमच्यासोबत हिंगोलीच्या दवाखान्यातली एक नर्स होती, तिला आम्ही सिस्टरच म्हणायचो. बॅग काट्यावर ठेवली तेव्हा ती म्हणाली, "मावशी, आपण सेवेला चाललो का लग्नाला?" आपण द्यायला चाललो, घ्यायला न्हाई, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं. त्याचा थोडा ताठाही होता, खोटं काहून बोलू.

तिथं पुरुष मंडळी चर्चच्या छपराच्या कामाला लागली. मला आणि सिस्टरला चर्चमागची एक खोली दिली. खोलीला लागूनच एका विधवा बाईचं घर होतं. वय माझ्याएवढंच, अंगानं वाळलेली, चालणं मात्र तुरुतुरु. पहिल्याच सकाळी ती एक चेपलेलं जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, पातेलं घेऊन आली. त्यात उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा होत्या, अजून वाफ निघत होती. दोन दिवस विमानातलं खाऊन तोंडाची चव गेली होती. आम्ही दोघींनी पातेलं चाटूनपुसून साफ केलं.

आता आमच्याकडं शेजारणीचं भांडं रिकामं परत जात न्हाई. काहीच नसलं तर मूठभर तांदूळ टाकतो, पण रिकामं देत न्हाई. मी त्यात चिवडा भरला आणि देऊन आले. दुसऱ्या दिवशी पातेलं पुन्हा आलं, कालच्यापेक्षा जास्त भरलेलं. मी शंकरपाळे घातले. तिसऱ्या दिवशी शेंगांचा ढीग, वरून मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा पानात गुंडाळलेला. मी पापड भाजून दिले. सिस्टरला म्हणलं, "बघ, कसं प्रेम वाढून राहिलं." शेंगा तरी कशा, टपोऱ्या, एकसारख्या, एक फोल न्हाई. मी हातानं खुणा करून तिची तारीफ पण केली. ती नुसती हसली.

माझं शिवण बरं चाललं होतं. चर्चच्या वऱ्हांड्यात दहा-बारा बाया जमायच्या, हातमशीन फिरवायच्या, सुई मोडली की एकमेकींकडं बोट दाखवायच्या. मला त्यांचं बोलणं कळत न्हवतं, पण कोण कुणाची खेचून राहिली ते बराबर कळायचं. पाऊस पडून गेला होता. शिवण झालं की सगळ्या घाईनं उठून शेतात पळायच्या, त्यांची पेरणी चालू होती.

सहाव्या दिवशी मी पातेलं द्यायला गेले, तर ती दारात दिसली न्हाई. मी आत डोकावले. छपराला एक मोठी टोपली टांगलेली असायची, ती खाली काढून ठेवलेली होती. तळाशी दोन-चार मुठी शेंगा होत्या आणि ती बाई त्यातून एकेक शेंग बाजूला काढत होती, अर्ध्या उकडायला, अर्ध्या ठेवायला. आमच्या घरी हळदीचं बेणं निवडायला मी जन्मभर अशीच बसलेय. ते बी होतं. मी तिचं बी खात होते. अडाणी माणसाला कळलं नसतं तर गोष्ट वेगळी, मी शेतकऱ्याच्या घरची. इतक्या निवडक शेंगा कुणी खायला ठेवतं का, हे मला तोंडात घालतानाच कळायला पाहिजे होतं.

मी सिस्टरला ओढत आणलं. सिस्टरनं तिथल्या पाळकाच्या बायकोला इंग्रजीत विचारलं, तिनं त्या बाईला विचारलं. उत्तर फिरून माझ्याकडं आलं ते असं: "तुमी रोज भरून पाठवता. मग मी रिकामं कसं पाठवू?" खायच्या शेंगा तिसऱ्याच दिवशी संपल्या होत्या. आजूबाजूची शेतं पेरून झाली, तिचंच तेवढं उघडं पडलं होतं. वर्षभराचं तेल-मीठ तिचं त्याच शेंगांवर चालायचं.

सोबत आलेल्या आमच्या पाळकसाहेबांना सांगितलं. भला माणूस, लगेच खिशात हात घातला. बाईनं तोंड फिरवलं. पाहुण्याकडून जेवणाचे पैसे घेणार न्हाई, म्हणाली. मी तरी घेतले असते का?

रविवारच्या उपासनेत मला साक्ष द्यायची होती. देवानं मला आजारातून कसं उठवलं, हे मी पाठ करून ठेवलं होतं. उभी राहिले आणि ते सगळं डोक्यातून उडालं. मी म्हणलं, "मी तुमच्याकडं द्यायला आले आणि या बाईचं बी खाऊन बसले. माझं चुकलं. मला माफ करा." भाषांतर झालं तशा सगळ्यांच्या माना त्या बाईकडं वळल्या. ती बाई खाली मान घालून उठली आणि बाहेर निघून गेली. सिस्टर माझ्या कानाशी म्हणाली, "मावशी, तुमी तिला चारचौघांत उघडं पाडलं की." खरंच होतं ते. माझ्या जिभेला हाड न्हाई, हे माझी आई सांगून थकली होती. दुसऱ्या दिवशी पातेलं आलं न्हाई. मी पाण्याशिवाय काही तोंडात घातलं न्हाई आणि देवाला म्हणलं, तूच निस्तर आता.

तिसऱ्या दिवशी सकाळी शिवणाच्या बाया आल्या, पण वऱ्हांड्यात न्हाई, तिच्या दारात. प्रत्येकीच्या कमरेच्या कापडाच्या गाठीत मूठ-मूठ शेंगा. एकेकीनं टोपलीत टाकल्या. तिनं कुणालाच न्हाई म्हटलं न्हाई. मी पाळकाच्या बायकोला विचारायला लावलं, यांचं कसं घेतलंस? ती म्हणाली, "यांचं मी घेते, माझं या घेतात. आमी इथंच आहोत. तुमी उद्या जाणार. पाहुण्यानं नुसतं जेवायचं असतं." रागानं न्हवती म्हणाली. लेकराला समजावतात तसं म्हणाली.

त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी मिळून शेत पेरलं. मी पण पदर खोचून वरंब्यावर उतरले. कंबर दुखली, पण हात विसरले न्हवते. संध्याकाळी ती पातेलं घेऊन आली. आत शेंगा होत्या, थोड्याच, आमच्या दोघींपुरत्या. माझ्या बॅगेत अजून चटणीचं पाकीट शिल्लक होतं. हात तिकडं गेला आणि मी तो मागं घेतला. तिच्यासमोर बसून एकेक शेंग सोलून खाल्ली. मग पातेलं धुतलं, पुसलं आणि रिकामं तिच्या हातात दिलं. मला फार जड गेलं ते, रडू यायला लागलं. तिनं पातेल्यात वाकून पाहिलं आणि दहा दिवसांत पहिल्यांदा खळखळून हसली.

घरी आल्यावर मंडळीत सगळे विचारू लागले, काय काय देऊन आलात? मी म्हणलं, "दहा दिवस जेवून आले."

दोन महिन्यांनी सिस्टरच्या मोबाइलवर फोटो आला. भुईमूग गुडघ्याला लागला होता, हिरवागार, आणि ती मधोमध उभी. शेताच्या एका कडेला मात्र चार वरंबे तसेच मोकळे होते, तिथवर बी पुरलं न्हवतं. मी फोटो मोठा करून ते चार वरंबे किती वेळ पाहत बसले. ते माझ्या पोटात गेले होते. आता रोज ताटावर बसले की डोळे मिटून आधी देवाचे आभार मानते आणि लगेच तिचे, आणि मग पहिला घास घेते.