खरवडलेला शेंदूर

इथे कानडी मुलखात, आनेकलच्या रस्त्याला आमच्या घराण्याचा वीरगळ आहे, लढाईत पडलेल्या मूळपुरुषाचा दगड. दर अमावस्येला आई शेंदूर तेलात कालवून त्याला लावते. तिच्या आधी आजी लावायची. पुटांवर पुटं चढून वीराचे नाक-डोळे कधीच बुजले होते. आम्हाला तो तसाच माहीत होता.

शूटिंगला आलेल्या सिनेमावाल्यांना मात्र तो जुना दिसायला हवा होता. आम्हाला न विचारता त्यांनी छिन्नीने सगळा शेंदूर खरवडून काढला. अरे, जुनं तेच तर होतं, जे तुम्ही पोत्यात भरून फेकलंत! पुढे सिनेमा लागला, तेव्हा पडद्यावर त्या उघड्या दगडापुढे हिरोने शपथ घेतली आणि थिएटरात शिट्ट्या पडल्या. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

गेल्या अमावस्येला आई नेहमीसारखी वाटी घेऊन वीरापुढे वाकली. फोटो काढायला आलेला एक जण आमचं मराठी ऐकून पुढे झाला. तो पुण्याचा, इथे आयटीत.

"काकू, प्लीज, काही लावू नका. सिनेमातला दगड आहे हा, खराब होईल."

मी त्याच्या अंगावर धावून गेलो. पण तोवर, चोरी पकडली गेल्यासारखी, आईने वाटी पदराखाली लपवली होती.