शकुनकाकूंची थंडी

आमच्या गावात थंडी पडली की नाही, हे शकुनकाकू ठरवायच्या. लाखनीपासून पाच किलोमीटरवरचं गाव, प्रत्येकाच्या खिशात मोबाईल, मोबाईलमध्ये हवामान. पण लोकांचा विश्वास काकूंच्या खिडकीवर. ती तलावाकडे उघडते आणि तिथे खोबरेल तेलाची बाटली असते. दसऱ्यानंतर सलग तीन दिवस सकाळी तेल गोठलेलं दिसलं की काकू सांगायच्या, आता धानावरचा तुडतुडा वाढत नाही, औषध मारू नका. मग लोक फवारणीचे पंप धुऊन ठेवून द्यायचे.

यात हसण्यासारखं काही नाही. तुडतुडा हा तपकिरी, तिळाएवढा किडा. धानाच्या बुडाशी, पाण्याच्या वर बसून रस पितो. ऊन फार तापलं तर त्याची पिल्लं मरतात आणि गारठा पडला तर अंडी लवकर उबत नाहीत. पंचवीस-तीस डिग्री मात्र मिळाली की तीन-साडेतीन आठवड्यांत नवी पिढी अंडी घालायला तयार. काकूंना यातली एकही डिग्री माहीत नव्हती, तरी त्यांची बाटली तीस वर्षं खरं बोलली.

काकूंची दीड एकराची धानाची बांधी आहे आणि तिच्यात चिन्नोर हे जुनं वाण असतं. बाकी सगळे संकरित धानावर गेले, कारण चिन्नोर उशिरा येतं आणि वाऱ्याला लोळतं. काकू हटल्या नाहीत. कापणीआधी त्या चांगल्या लोंब्या हातानं निवडून बियाण्याला वेगळ्या ठेवायच्या, सासूनं शिकवलं तसं. गेल्या वर्षी जुलैच्या पुरात पहिले पऱ्हे, म्हणजे लावणीची रोपं, वाहून गेले, तेव्हा त्यांनी मडक्यातलं राखून ठेवलेलं बियाणंही पेरून टाकलं. म्हणजे गावातलं उरलंसुरलं सगळं चिन्नोर त्या एका बांधीत उभं होतं. ते गेलं असतं तर संपलंच.

माझं काम मोजायचं. कृषी खात्यासाठी आठवड्यातून एकदा मी बांधीत उतरतो, धानाची चूड, म्हणजे एका जागचा झुपका, वाकवून थाप मारतो, पाण्यावर पडलेले किडे मोजतो आणि आकडा मोबाईलवर पाठवतो. चुडीला दहा झाले की धोका. तेल गोठलं आणि काकूंनी औषध थांबवायला सांगितलं, त्या आठवड्यात त्यांच्या बांधीत चार होते. मग आभाळ भरून आलं, रात्री उकडायला लागलं, दिवसा बत्तीस डिग्री. पुढच्या मोजणीला नऊ. त्याच्या पुढच्या मोजणीला सव्वीस. मी आकडा पाठवला आणि घरी येऊन पोटभर जेवलो.

काकूंना सांगितलं नाही. आदल्या वर्षी तलावाच्या पाळीवर चारचौघांत मी त्यांना डिग्रीचं काही समजावायला गेलो होतो. त्यांनी माझी अशी हजेरी घेतली की आठवडाभर पोरं मला डिग्रीवाला म्हणत होती. पुन्हा कोण तोंड घालतो, असं मला वाटलं. हे लिहितानाही मला माझाच राग येतोय.

पाच दिवसांनी सकाळी त्यांनी मला धुऱ्यावरून, बांधीच्या बांधावरून, हाक मारली. बांधीच्या मधोमध बैलगाडीच्या चाकाएवढा गोल डाग पडला होता, वाळल्या तणसाच्या रंगाचा. भोवती सगळं हिरवंगार.

"नीलेश, हा डाग काहून पडला?"

मी चुडी बाजूला सारल्या. बुडं किड्यांनी काळी झाली होती. काकू वाकून बघत राहिल्या. "पण तेल तं गोठलं होतं," त्या म्हणाल्या.

मी सांगितलं की खिडकीला तलावावरचा वारा लागतो, दाट धानाच्या बुडाशी तो पोचत नाही, तिथलं साचलेलं पाणी रात्रीही कोमट असतं. आणि थंडी टिकली तीनच दिवस. काकू भांडल्या नाहीत. त्या भांडल्या नाहीत याचीच मला भीती वाटली.

इलाज मला ठाऊक होता. बांधीतलं पाणी बाहेर सोडायचं, चुडी हातानं सारून वाट करायची आणि औषध वरून न मारता बुडाशी मारायचं. दोघांनी लागलीच सुरुवात केली असती तर संध्याकाळपर्यंत बरंचसं वाचलं असतं. मी पंप आणायला निघालो. काकूंनी थांबवलं आणि विचारलं, आपल्या सांगण्यावरून पंप धुऊन ठेवलेली घरं किती. लागून असलेल्या बांध्यांची चार, मी म्हणालो. पण आधी तुमचं करू. त्या पदर खोचून त्या चारांतल्या पहिल्या, उषाबाईंच्या घराकडे चालू लागल्या.

उषाबाई अंगणात तांदूळ निवडत होत्या. काकू दारातच उभ्या राहिल्या.

"उषा, माह्यं चुकलं. थंडी नाही पडली. आजच पाणी सोड आन् बुडाले औषध मार."

उषाबाईंनी बसायला सांगितलं, काकू बसल्या नाहीत. चारही दारांत तेच शब्द. तीस वर्षांत चुकले म्हणायची वेळ न आलेली बाई, चौथ्या दारात तिचा आवाज बसला होता. धुऊन ठेवलेले पंप काढून पाहिले तर गावात चालू स्थितीतले दोनच निघाले. ते आधी त्या चार बांध्यांत फिरले आणि काकूंच्या बांधीत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचले. तोवर डागाला डाग मिळाले होते.

चौघांचं धान वाचलं. काकूंची जवळजवळ सगळी बांधी करपली. धुऱ्याजवळचा एक कोपरा हिरवा राहिला, तोही पाणी सोडल्यामुळे कोरडा. नोव्हेंबरअखेर काकूंनी त्यातल्या लोंब्या विळ्यानं एकेक करून कापल्या. सूपभर धान झालं, त्यातलं निम्मं पोचट. बी उगवेल का, हे कळायला शंभर दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवले आणि चार दिवसांनी फडकं माझ्यापुढे सोडलं. मोज, म्हणाल्या.

बासष्ट उगवले होते. मी दोनदा मोजले. चिन्नोर राहिलं, थोडं, पण राहिलं. माझे डोळे भरून आले. काकू फडक्याकडे बघत होत्या.

"डाग पडाच्या पयले किती किडे होते?"

"सव्वीस," मी म्हणालो. खोटं बोलता आलं नाही.

"तुले मालूम होतं?"

"हो. भेव लागलं तुमचं."

त्यांनी अंकुर फुटलेले दाणे एका बाजूला सारले, न फुटलेले दुसऱ्या.

"पुढच्या बारीले माह्यासंगं भांडजो," त्या म्हणाल्या. "पण सांगजो."