शुक्रवारची भट्टी

आमच्या घरात सगळे मास्तर नाहीतर कारकून. यंत्राला हात लावणारा मी पहिलाच, त्यामुळे डोक्यात हवा फार. नव्वदीच्या सुरुवातीला भिवंडीतल्या एका काच कारखान्यात मी इंजिनीअर म्हणून भट्टी सांभाळत होतो. काच तापवायची आणि बाहेर काढताच थंड हवेच्या झोतात धरायची, की ती कडक होते. ताप कमी पडला तर झोतात तिचा चुरा होतो. आमच्याकडे चुराच फार निघायचा. तो थांबला नाही तर भट्टी बंद करीन, असं मालकांनी सांगून टाकलं होतं.

भट्टी चालवणारे मामा अंबाडीकडचे, माझ्या वडिलांच्या वयाचे. गणेशपुरीजवळच्या शाळेत त्यांना शिपायाची नोकरी चालून आली होती.

शुक्रवारी कारखान्याला सुट्टी, म्हणून प्रयोगाला भट्टी मला तेव्हाच मिळे. मामा सुट्टी मोडून एसटीने येत. मी मधले आणि कडेचे हीटर वेगवेगळे चालतील असे केले, काच आत ठेवायची वेळ कमी केली. चार शुक्रवार एकही काच फुटली नाही, वीजही वाचली. मी मामांना ऐटीत म्हणालो, "शाळेला नाही म्हणून कळवा. भट्टी सुधारली आता." त्यांनी कळवलं.

शनिवारी माझ्या हिशेबाने ऑर्डरची काच घातली आणि दुपारपर्यंत पायाखाली चुरा झाला. रविवारी तेच. वेळ वाढवली तर कधी काच वाकायची, कधी फुटायचीच. मी ताप मोजणारी तार बदलली, सगळ्यांवर खेकसलो. महिनाभराने मालकांनी भट्टी बंद केली.

शेवटच्या दिवशी मामा काच झाडत होते. शुक्रवारी जमायचं ते एरवी का जमलं नाही, असं मी स्वतःशीच पुटपुटलो.

मामा म्हणाले, "शुक्रवारी आपल्याच लायनीवरचे कामतघरचे कापडाचे लूम बंद असतात ना, साहेब. करंट जोरात येतो. बाकी दिस हीटर लालच होत न्हाय."

"मग बोलला का नाहीत?"

"मना वाटला, तुमाला ठावूक हाय. तुमी शिकलेले."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. झाडू भिंतीला टेकवून त्यांनी विचारलं, शाळेत परत जाऊन बघू का?

मी आदल्याच दिवशी जाऊन आलो होतो. जागा भरली होती.